मोसंबीला फुलं भरपूर, पण फळ टिकत नाही: दारातल्या झाडाची तपासणी बुंध्यापासून

माघ लागला की दारातली मोसंबी फुलते, अंगणभर वास सुटतो. पुढं हरभऱ्याएवढी गुंडी दिसते आणि चैत्र-वैशाखात आळ्यात हिरव्या गोळ्यांचा सडा पडतो. त्यातून जी फळं वाचतात ती पोळ्याच्या आसपास पिवळी पडून एकेक करून गळतात. शेवटी झाडावर दहा-वीस फळं राहतात, तीही अर्धी किडकी. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी दुकानातून एखादी 'टॉनिक'ची बाटली आणून पानांवर फवारली जाते.

जालना, अंबड, घनसावंगी, बदनापूर, पैठण हा मोसंबीचा पट्टा आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे या भागात घर बांधलं की दारात एक मोसंबी लावायची रीतच आहे. पण बागेतली मोसंबी आणि दारातली मोसंबी यांत मोठा फरक असतो. दारातल्या झाडाच्या मुळाशी भांड्यांचं पाणी जातं, आळ्यात कायम ओल असते, भोवती फरशी झालेली असते आणि बुंध्याला मातीची भर चढलेली असते. गळ फांदीवर दिसते, कारण मात्र बहुतेक वेळा जमिनीलगतच्या वीतभर खोडात आणि त्याखालच्या मुळ्यांत असतं. म्हणून तपासणी खालून वर करायची. आधी बुंधा, मग माती आणि पाणी, मग पान आणि शेवटी फळ.

आधी किती गळ साहजिक, ते धरा

शंभर फुलांमागे दोन-तीन फळं काढणीपर्यंत टिकली तर झाड चांगलं चाललंय. फुलं झडणं आणि वाटाण्याएवढी फळं काही प्रमाणात गळणं हा झाडाचा स्वतःचा हिशोब आहे. पेलवणार नाहीत तेवढी फळं ते टाकून देतं. काळजी करायची ती खालच्या तीन वेळांना:

- एप्रिल-मेमध्ये लिंबाएवढी फळं गळतात: पाण्याची ओढाताण, ऊन, अन्नद्रव्यं कमी.
- जुलै-ऑगस्टमध्ये पानांसकट गळ होते, पानं मलूल दिसतात: मुळं गुदमरली आहेत किंवा कुजत आहेत.
- सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठी फळं पिवळी पडून गळतात: गळालेलं फळ हातात घेऊन बघा. देठाशी काळं असेल तर बुरशी, सालीवर टाचणीएवढं भोक असेल तर पतंग, आत अळ्या असतील तर फळमाशी.

बुंधा: डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) आहे का?

खुरपं घेऊन बुंध्याभोवतीची माती हळूच बाजूला करा, पहिली जाड मुळं उघडी पडेपर्यंत. कलमाचा डोळा भरलेली जागा शोधा. तिथं खोडाला किंचित गाठ किंवा बाक असतो आणि वरच्या-खालच्या सालीचा पोत वेगळा दिसतो. ही गाठ जमिनीपासून निदान सहा-नऊ इंच वर हवी. दारातल्या झाडात ती मातीखाली गाडलेली सापडते, कारण दरवर्षी 'झाडाला माती लावली' जाते. खालचं खुंट रंगपूर लिंबाचं किंवा जंभेरीचं असतं. वरची मोसंबीची साल मात्र मुळकूज-डिंक्याच्या बुरशीला लवकर बळी पडते. फायटोप्थोरा नावाची ही बुरशी मातीत राहते आणि पाण्यातून पोहत पसरते. ओल्या मातीत साल बुडाली की तिला दार उघडंच मिळतं.

लक्षणं जवळून बघा. सालीवर तपकिरी, मधासारखे डिंकाचे थेंब दिसतात. पावसात ते विरघळून जातात, म्हणून डिंक दिसला नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. संशयाच्या जागी चाकूचं टोक हलकं टेकवून साल खरवडा. आतून हिरवट-पांढरी आणि ओलसर निघाली तर ती जिवंत आहे. तपकिरी, आंबूस वासाची आणि लाकडापासून सुटलेली असेल तर रोग आहे. आता आळ्याच्या कडेला चार-सहा इंच उकरून एक बारीक मुळी धरा आणि बोटांच्या चिमटीत ओढा. साल पायमोजा निघावा तशी सरकून हातात आली आणि आत फक्त दोरा राहिला, तर मुळकूज सुरू झालेली आहे. निरोगी मुळीची साल अशी निघत नाही, तिचं टोक पांढरट असतं.

उपाय याच क्रमानं करा:

१. धारदार चाकूनं रोगट साल खरवडून काढा, जिवंत सालीची कड लागेपर्यंत. लाकडात खोल जाऊ नका. निघालेले तुकडे कागदावर गोळा करून जाळा, आळ्यात पडू देऊ नका.

२. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं पुसून घ्या, एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम.

३. जखम सुकली की बोर्डो मलम लावा. घरच्या एका झाडाला मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम आणि पाणी एक लिटर पुरतं. मोरचूद अर्ध्या लिटरात रात्रभर भिजवा, चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विरवून गाळा, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतून काठीनं ढवळा. तिन्ही भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची किंवा पत्र्याची नको. तयार मलमात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, तो चिमटीचिमटीनं वाढवा. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा. मलम त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नाही.

४. मुळकूज दिसली असेल तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक अडीच ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून, दहा लिटर द्रावण ओल्या मातीत झाडाच्या घेराखाली ओता. महिना-सव्वा महिन्यानं एकदा परत. हातमोजे घाला. फळं उतरवायच्या तोंडावर हे करू नका, पाकिटावरचा प्रतीक्षा काळ पाळा.

बोर्डो मलम वर्षातून दोनदा लागतं: मृगाच्या आधी मेअखेरीस आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. रोग नसला तरी लावा. बोर्डोइतका स्वस्त आणि उपयोगी दुसरा उपाय या झाडाला नाही. ट्रायकोडर्मा वापरणार असाल (१०० ग्रॅम, पाच किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून), तर रासायनिक बुरशीनाशक किंवा मोरचूद ओतल्यानंतर तीन-चार आठवडे थांबा. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, त्या औषधात तीही मरते.

आळं एकाचे दोन करा

खोडाला टेकून केलेलं एकच गोल आळं, त्यात नळी सोडलेली आणि पाणी बुंध्याभोवती तळ्यासारखं उभं राहिलेलं, हे चित्र निम्म्या अंगणांत दिसतं. ही रचनाच डिंक्याला आमंत्रण आहे.

बुंध्यापासून दीड फुटावर मातीचा पहिला गोल बांध घाला. त्याच्या आतली माती बुंध्याकडे किंचित उंच करा, पण कलमाची गाठ उघडी राहू द्या. दुसरा बांध फांद्यांच्या टोकाखाली, म्हणजे दुपारी बारा वाजता सावली जिथं संपते तिथं. पाणी आणि खत या दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यातच द्यायचं. पाणी शोषणारी बारीक मुळं तिथंच असतात. झाड वाढेल तसा बाहेरचा बांध सरकवत न्या. ठिबक असेल तर एक तोटी बुंध्याशी ठेवण्याऐवजी चार तोट्या बुंध्यापासून अडीच-तीन फुटांवर चार दिशांना ठेवा.

पट्ट्यात तीन-चार इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा. बुंध्याभोवतीचा फूटभर मात्र उघडा ठेवा. पावसाळ्यात बाहेरचा बांध उताराच्या बाजूला फोडून वीतभर खोल चर काढा. सप्टेंबर २०२५ सारख्या अतिवृष्टीत पाणी किती साचू शकतं ते मराठवाड्यानं पाहिलंय. काळ्या मातीत दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड सगळ्यात आधी फळ सोडतं. अशा वेळी झाड सुकल्यासारखं दिसतं, म्हणून लोक आणखी पाणी घालतात. बुडत्या झाडाला दिलेली ती शेवटची बादली ठरते.

माती: निचरा आणि चुनखडी

दोन चाचण्या घरी होतात. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही उभं असेल तर निचरा वाईट आहे. मग वर सांगितलेला चर पावसाळ्यापुरता न ठेवता कायमचा करा आणि त्यात विटांचे तुकडे किंवा खडी भरा.

दुसरी चाचणी चुनखडीची. मूठभर कोरड्या मातीवर दोन चमचे व्हिनेगर टाका. बुडबुडे जोरात फसफसले तर मातीत मुक्त चुना भरपूर आहे. मोसंबीला साडेसहा ते साडेसातचा सामू (पीएच) मानवतो आणि मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर गेला की ती रडते. मराठवाड्यात काळ्या मातीखाली पांढरी चुनखड लागणं नवीन नाही. शिवाय घर बांधताना उरलेलं सिमेंट, चुना आणि पडलेल्या भिंतीचा राडारोडा झाडाखालीच गाडलेला असतो, तोही हाच परिणाम करतो. असा राडा निघाला तर वेचून बाहेर काढा. नेमका आकडा हवा असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीबरोबर पाण्याचाही नमुना तपासून घ्या.

पाणी कोणतं घालता?

आरओ यंत्राच्या टाकाऊ नळीचं पाणी 'वाया कशाला घालवायचं' म्हणून मोसंबीला सोडलं जातं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी आधीच जड असतं. त्यातले क्षार यंत्रानं वेगळे काढून या टाकाऊ पाण्यात एकवटलेले असतात. मोसंबी क्षारांना फार नाजूक आहे. जुन्या पानांची टोकं आणि कडा विटकरी रंगाच्या होऊन करपतात, पुढं पानगळ होते, आळ्यात माती सुकली की पांढरट पापुद्रा दिसतो. वॉशिंग मशीनच्या पाण्यातल्या साबणात सोडियम असतो. त्यानं काळी माती आणखी चिकट होते आणि निचरा संपतो. ही दोन्ही पाणी मोसंबीला नकोत. आरओचं पाणी फरशी धुवायला, गाडी धुवायला वापरा. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

पांढरा थर बसलाच असेल तर निचरा सुधारल्यावर, पावसाचं किंवा गोडं पाणी एकदा भरपूर देऊन क्षार खाली जाऊ द्या. निचरा नसताना हे केलं तर मुळं कुजतील.

किती पाणी? सहा वर्षांच्या झाडाला मे महिन्यात रोज सरासरी साठ-सत्तर लिटर, म्हणजे चार-पाच बादल्या लागतात. फेब्रुवारीत त्याच्या निम्मं. काळ्या मातीत रोज थोडं देण्यापेक्षा दर तिसऱ्या दिवशी तेवढ्या दिवसांचं पाणी एकदम द्या. ठरवायची खूण मातीतच आहे. पट्ट्यात सहा इंच खोलीवरची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर थांबा, फुटून पडला तर पाणी द्या. आठ दिवस विसरायचं आणि नवव्या दिवशी हौद रिकामा करायचा, या ओढाताणीनं लिंबाएवढी फळं गळतात आणि उरलेली तडकतात. गावाला जायचं असेल तर शेजाऱ्याला बादल्यांचा हिशोब सांगून जा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा जळाल्या. हे झाड पाणी साचणं सोसत नाही आणि पाणी तुटणंही सोसत नाही.

ताण नीट बसला का?

थोडी फुलं जानेवारीत, थोडी जूनमध्ये, थोडी दिवाळीला, आणि कुठल्याच बहराला दम नाही, अशी तक्रार असेल तर ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी तोडणं, नीट बसत नाहीये. पीच किंवा सफरचंदाच्या झाडाला कळ्या उघडायला बरेच तास सात अंशांखालची थंडी लागते. ती मराठवाड्यात पुरेशी मिळत नाही, म्हणून ती रोपं इथं नुसती पानं काढत राहतात. मोसंबीचं तसं नाही. तिला हिवाळ्यातला गारवा आणि त्याच्या जोडीला पाण्याचा ताण पुरतो. वाढ थांबली की फांदीत अन्न साठतं आणि पाणी मिळताच ते फुलांवर येतं.

आंबे बहरासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, काळ्या भारी जमिनीत डिसेंबरच्या सुरुवातीपासून ५० ते ६० दिवस, मुरमाड जमिनीत ३० ते ३५ दिवस पाणी पूर्ण बंद ठेवा. पानं दुपारी मिटायला लागली, त्यांची चकाकी गेली आणि साधारण पाव भाग पानं पिवळी होऊन गळली की ताण पुरा झाला. मग ताण एकदम तोडू नका. पहिलं आंबवणीचं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी चिंबवणीचं त्याहून थोडं जास्त, तिसऱ्या वेळेपासून नेहमीचं. कोरड्या झाडाला पहिल्याच दिवशी आळं भरून दिलं तर नवी पालवी जोरात येते आणि फुलं मागं पडतात.

दारात ताण मोडतो तो मोरीच्या पाझरामुळं. नळ बंद असतो, पण सांडपाण्याची फुटकी नाली किंवा गळकी टाकी मुळांना गुपचूप पाजत असते. आधी ती दुरुस्त करा. पाच वर्षांच्या आतल्या आणि डिंक्या झालेल्या झाडाला ताण अजिबात देऊ नका.

पान काय सांगतं

खालची जुनी पानं सगळीकडून एकसारखी फिकट झाली तर नत्र कमी. जुन्याच पानांवर देठाकडं हिरवा उलटा 'व्ही' आणि बाकी पिवळं तर मॅग्नेशियम. कोवळी पानं पिवळी पण शिरांची बारीक जाळी हिरवी तर लोह. कोवळी पानं लहान, अरुंद, शेंड्याला झुपक्यासारखी आणि शिरांमध्ये पिवळे डाग असतील तर जस्त. चुनखडीच्या जमिनीत शेवटची दोन बहुधा जोडीनंच येतात.

जस्त आणि लोह मातीत असतं, पण चुना त्याला धरून ठेवतो. म्हणून आळ्यात झिंक सल्फेटच्या पुड्या टाकून उपयोग थोडा. फवारणीच घ्या: झिंक सल्फेट पाच ग्रॅम आणि विरवलेल्या चुन्याची निवळी अडीच ग्रॅम चुन्याची, प्रति लिटर पाणी. फेरस सल्फेटही याच प्रमाणात, पण वेगळ्या दिवशी. नवी पालवी दोन-तृतीयांश उमलली की संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी परत. मॅग्नेशियम सल्फेट दहा ग्रॅम प्रति लिटर. मातीतून लोह द्यायचंच असेल तर पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं चिलेट बघून घ्या. 'ईडीटीए' चिलेट चुनखडीच्या मातीत टिकत नाही, पैसे मातीत जातात.

आणि हे लक्षात ठेवा: मुळं कुजलेल्या झाडाचीही पानं साधारण अशीच पिवळी पडतात, फक्त त्यात शिराच आधी पिवळ्या होतात. बुंधा तपासल्याशिवाय फवारणीचा पंप उचलू नका.

खत

पूर्ण वाढलेल्या, दहा वर्षांच्या झाडाला वर्षाला ८०० ग्रॅम नत्र, ३०० ग्रॅम स्फुरद आणि ६०० ग्रॅम पालाश धरतात. सहा वर्षांच्या झाडाला त्याच्या निम्मं धरा. म्हणजे युरिया साधारण ८७० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट ९४० ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश ५०० ग्रॅम. पाणी खारं असेल तर म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश ६०० ग्रॅम घ्या. सोबत दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि तीन-चार किलो निंबोळी पेंड. ताण तोडताना अर्धा युरिया आणि बाकी सगळं, उरलेला युरिया फळ धरल्यावर दीड महिन्यानं. मधल्या पट्ट्यात पसरून चार इंचांपर्यंतच मातीत मिसळा. कुदळ खोल मारली तर अन्न घेणारी मुळंच तुटतात. ओलं, न कुजलेलं शेण घालू नका, त्यात हुमणी येते.

सल काढा

फळं उतरली की वाळलेल्या काड्या, ज्याला बागवान सल म्हणतात, त्या काढणं हे दारातल्या झाडावर कोणीच करत नाही. देठाशी काळं होऊन गळणाऱ्या फळांची बुरशी या मेलेल्या काड्यांवरच वर्षभर राहते आणि पावसाच्या थेंबाबरोबर खालच्या फळाच्या देठावर उतरते. वाळलेल्या भागाच्या खाली एक इंच हिरव्या लाकडात काप घ्या, कात्री प्रत्येक कापानंतर स्पिरिटनं पुसा, जाड कापाला बोर्डो मलम लावा, काड्या जाळा. मग एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी दहा लिटर. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या दोन फुटांपर्यंत उचलून छाटा. पावसात मातीचे शिंतोडे खालच्या फळांवर उडाले की ती तपकिरी होऊन सडतात.

सरळ वर धावणारे जाड, काटेरी पाणसोट कोवळे असतानाच मोडा. कलमाच्या गाठीखालून फुटलेला प्रत्येक फुटवा तर दिसल्या दिवशी काढायचा. 'पूर्वी गोड मोसंबी लागायची, आता नारंगी रंगाची आंबट लिंबं लागतात' ही तक्रार इथूनच येते. वरची मोसंबी मेलेली असते आणि खालचं रंगपूर लिंबू झाड होऊन बसलेलं असतं. त्याची परत मोसंबी होत नाही, पुन्हा डोळा भरावा लागतो.

पोळ्यानंतरची गळ: पतंग

फळ पिवळसर व्हायला लागतं आणि अचानक गळतं. हातात घेतलं तर सालीवर टाचणी टोचल्यासारखं एक भोक, भोवती बोटाच्या पेराएवढा मऊ तपकिरी गोल. फळ हलकं दाबा: भोकातून रसाची चिळकांडी उडाली तर हा रस शोषणाऱ्या पतंगाचा घाव. पतंग संध्याकाळी अंधार पडल्यावर येतो, सोंडेनं फळ भोसकून रस पितो आणि त्या भोकातून बुरशी आत शिरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री बॅटरी घेऊन झाडाखाली गेलात तर त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकताना दिसतात.

या पतंगाची अळी मोसंबीवर कधीच राहत नाही, म्हणून मोसंबीवर कितीही औषध मारा, पतंग येतच राहतो. अळी वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. काढ्यासाठी म्हणून कुंपणावर चढवलेली गुळवेल आणि तिच्या शेजारी मोसंबी, अशी जोडी असेल तर एक तरी हलवा. निदान ऑगस्टपासून गुळवेलीची पानं उलटून अळ्या वेचा. घरच्या झाडाला पक्का उपाय म्हणजे फळांना पिशव्या. ऑगस्टअखेरीस जुन्या सुती कापडाच्या किंवा कागदाच्या पिशव्या देठाशी सैल बांधा. पन्नास फळांचं काम तासाभरात होतं. संध्याकाळी सात ते नऊ कडुलिंबाच्या ओल्या-सुक्या पाल्याची धुनीही उपयोगी पडते.

फळ पिलपिलीत आणि आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. मिथाइल युजेनॉलचा एक सापळा झाडापासून थोडा लांब, डोक्याच्या उंचीवर टांगा आणि गळालेलं प्रत्येक फळ रोज उचला. दोन फूट खोल पुरा किंवा काळ्या पिशवीत गाठ मारून आठ दिवस उन्हात टाका. उकिरड्यावर फेकलं तर माश्या तिथून परत येतात.

बाकी किडींबद्दल थोडक्यात. पानावर रुपेरी नागमोडी रेघा म्हणजे नागअळी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी अळी म्हणजे फुलपाखराची, ती हातानं वेचा. शेंड्यावर तिरके बसणारे बारीक तपकिरी किडे आणि त्यांचा पांढरा मेणचट दोरा म्हणजे सायला. सायला कढीपत्त्यावरही पोसली जाते, म्हणून कढीपत्त्याचे शेंडे त्याच वेळी तपासा. नव्या पालवीवर पाच टक्के निंबोळी अर्क दर दहा दिवसांनी. फुलोऱ्यात कीटकनाशक नको, मधमाश्या मरतात. खोडावर जाळी आणि भुसा दिसला तर जाळी साफ करून भोकात तार घाला, पेट्रोलचा बोळा कोंबा आणि चिखलानं बुजवा.

फळ टिकवायची फवारणी

वरचं सगळं झाल्यावरच हे. जिबरेलिक अॅसिड एक ग्रॅम, १०० मिलि स्पिरिटमध्ये विरघळवा. त्यातले १५ मिलि आणि युरिया १०० ग्रॅम दहा लिटर पाण्यात मिसळून फळं वाटाण्याएवढी असताना एकदा, आणि तशीच गळ दिसली तर ऑगस्टमध्ये एकदा फवारा. बागांमध्ये याच कामासाठी टू-फोर-डीही वापरतात, पण ते मुळात तणनाशक आहे. त्याची वाफसुद्धा कपाशीला बाधते, तुळस, टोमॅटो, पपई यांची पानं वेडीवाकडी होतात. घराजवळ ते आणूच नका.

झाड ठेवायचं की काढायचं

बुंध्याच्या घेराची निम्म्याहून जास्त साल कुजली असेल तर ते झाड दोन-तीन वर्षं रखडेल आणि जाईल. काढा, मुळांसकट. त्याच खड्ड्यात पुन्हा मोसंबी किंवा लिंबू लावू नका, दहा-बारा फूट सरका. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन तो शेणखतानं भरला तर पावसाळ्यात त्याचं तळं होतं. त्यापेक्षा दीड फूट उंच आणि पाच फूट रुंद मातीचा ओटा करून त्यावर लावा.

रोप निवडताना खुंट रंगपूर लिंबाचं आहे का विचारा, डोळा पिशवीतल्या मातीपासून आठ-नऊ इंच वर भरलेला आहे का बघा आणि बुंध्यावर डिंकाचा थेंब दिसला तर ते रोप ठेवून द्या. मग पिशवीच्या तळाला बोट घालून एक मुळी ओढा. साल सरकून दोरा हातात राहिला तर तो सगळा वाफाच सोडून दुसऱ्या रोपवाटिकेत जा. लावताना मातीचा गोळा ओट्याच्या पातळीपेक्षा इंचभर वरच ठेवा. भुसभुशीत माती पहिल्या पावसात तेवढी बसते.